ग्रिगोरेच्या नावाच्या बादल्या

तोरिनो, ३० ऑक्टोबर

वहिनी,

देव दादाला क्षमा करो. त्याला माती देऊन नऊ दिवस झाले आणि मी इथे परक्या देशात, जिला सांभाळते त्या म्हाताऱ्या सिन्योराचे पाय चोळत बसले आहे. तुझा फोन आला तेव्हा तो गेलेला होता. मिळेल त्या बसने निघाले असते तरी दोन दिवस लागले असते, तोवर तुम्ही त्याला पुरून मोकळे. सिन्योराच्या मुलीने रजा दिली नाही ते वेगळंच. पण मी तुला दोष देत नाही. देत नाही असं लिहिलं की देतेच आहे असं वाटतं, पण खरंच देत नाही.

एक विचारायचं आहे. ऑगस्टमध्ये मी फोन केला तेव्हा दादाचा आवाज विहिरीतून यावा तसा येत होता. तू म्हणालीस, सर्दी आहे. ऑगस्टमध्ये कसली सर्दी? दोन पोती मका एका खेपेत उचलणारा माणूस एकाएकी कसा जातो, ते मला नीट लिही. फोनवर नको. गावातला फोन दुकानात, दुकान सरपंचाच्या मेव्हण्याचं, आणि त्या मेव्हण्याचे कान तुला माहीत आहेत. फिरू ड्रायव्हर दर आठवड्याला मिनीबस घेऊन जातो-येतो, त्याच्याकडे पत्र दे. पाकीट मात्र नीट चिकटव, फिरूलाही वाचता येतं.

सहा आठवड्यांचं कार्य कधी धरलं आहेस? दादाच्या पाण्याचा मला घोर लागला आहे. चव्वेचाळीस घरांत चव्वेचाळीस बादल्या पाणी गेलं पाहिजे, एकही कमी नको. प्रत्येक घराने घोट घेऊन ‘बोगदाप्रोस्ते’, देव त्याला क्षमा करो, असं तोंडाने म्हटलं पाहिजे. नाहीतर तो तिकडे तहानलेला राहील. आई गेली तेव्हा एका घराने दार उघडलं नव्हतं, तर दादा वर्षभर सांगायचा, आई स्वप्नात येते आणि कोरडे ओठ चाटते. त्याच्या बाबतीत मला तसं व्हायला नको आहे. बारा टॉवेल आणि मेणबत्त्या पाठवते आहे. बादल्यांचं काय करायचं ते कळव.

आणि बावीस नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आहे, ते विसरू नकोस. सरपंच आपल्या उमेदवारासाठी दारोदार फिरत असेल. त्याचं काही घेऊ नकोस. गेल्या खेपेला त्याने पाठवलेली तेल-साखरेची बादली दादाने त्याच्याच फाटकावर नेऊन उपडी केली होती, अख्ख्या गावाने बघितलं. आता तू एकटी आहेस म्हणून तो हळूच येईल. विधवेच्या दारात पुढारी आला तर रडण्याआधी त्याच्या हातात काय आहे ते बघावं.

तुझी नणंद,
वेतुरिया


उल्मेत, ७ नोव्हेंबर

वेतुरिया,

टॉवेल पोचले. बारा लिहिलेस, निघाले अकरा. फिरू म्हणाला, एक सरहद्दीवर गेला. हे तुला आधीच सांगून ठेवते, नाहीतर तो मीच ठेवून घेतला असं तुझ्या मनात येईल.

तुझा भाऊ झोपेत गेला. सकाळी मी कॉफी ठेवली, हाक मारली, तो उठला नाही. याहून नीट मला लिहिता येत नाही. सर्दीचं म्हणशील तर त्याला ती बारा महिने असायची.

कार्य अठ्ठावीस नोव्हेंबरला, शनिवारी. पाद्रीबाबांनी तोच दिवस दिला. नाताळचा उपास चालू असेल म्हणून मांस नाही. घेवडा, कोबीच्या पानातला भात आणि मासे. बादल्यांची काळजी करू नकोस, बादल्या आहेत.

सरपंच येऊन गेला. टोपी काढून बसला, आलुबुखाऱ्याच्या दारूचा एक पेला प्यायला, ग्रिगोरे सरळ माणूस होता म्हणाला. अंगणात घालायला तंबू आणि बाकं देतो म्हणाला. शंभर माणसं जेवायला बसवायची तर बाकं लागतात, आणि गावात बाकं फक्त पंचायतीची. मी हो म्हटलं. आता तू नाक मुरडशील. तिथे बसून मुरडायला काय जातंय, मला इथे माणसं बसवायची आहेत.

शेजारची साफ्ता रोज येऊन बसते. तिला स्वतःच्या गुडघ्यांनी उठवत नाही, तरी येते. मी बरी आहे.

पारास्कीवा


तोरिनो, १४ नोव्हेंबर

वहिनी,

‘बादल्या आहेत.’ एवढं लिहून तू घेवड्यावर आणि माशांवर गेलीस. मी ते वाक्य दहादा वाचलं. आपल्या घरात पाण्याच्या दोन बादल्या होत्या आणि एक डुकरांची. बाकीच्या एकेचाळीस आभाळातून पडल्या का?

मी फिरूला विचारलं. विचारलं म्हणजे त्याला एक घास भरवून बोलतं केलं. तो म्हणाला, तुझी पिशवी द्यायला गेलो तर वहिनींच्या कोठीत उतरंडीसारख्या रचलेल्या नव्या कोऱ्या बादल्या होत्या, सगळ्या जांभळ्या. वहिनी, जांभळा रंग कोणाचा ते सांगायला मी तिथे असायला नको. इथे तोरिनोतसुद्धा आपल्या लोकांच्या चर्चसमोर सरपंचाच्या त्या उमेदवाराची जांभळी पत्रकं वाटतात. फिरू म्हणतो, शेजारच्या गावात घराघरांत जांभळी बादली पोचली आहे, आत तेल, पीठ, साखर आणि झाकणावर त्याचं हसरं तोंड.

आता मला समजतंय ते असं. सरपंच येतो, टोपी काढतो, तंबू देतो. नंतर म्हणतो, ताई, चव्वेचाळीस बादल्या कुठून आणणार, मी पाठवतो. तुला वाटतं, देवासारखा धावून आला. आणि ज्या दिवशी तू दादाच्या नावाने ती बादली साफ्ताच्या हातात देशील, त्या दिवशी साफ्ता मनात नाव कोणाचं घेईल? दादाचं की त्याचं? दिलेली वस्तू आपली नसेल तर मेलेल्याला पोचत नाही, हे आपल्या आईने मला शिकवलं, तुझ्या आईनेही तुला शिकवलं असेल.

मी फक्त एवढंच विचारते. कुठून आल्या? एका ओळीत लिही. सोपं आहे.

वेतुरिया


उल्मेत, १८ नोव्हेंबर

वेतुरिया,

माझ्या कोठीत काय आहे ते तू आता ड्रायव्हरला विचारायला लागलीस. तेहतीस वर्षं मी या घरात आहे. लग्न होऊन आले तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस आणि माझी पेटी उघडून बघितली होतीस, मी माहेरून चमचे कमी आणले का म्हणून. तुमच्या घराण्याला हा रोगच आहे. तुझ्या भावालाही होता.

बादल्या सरपंचाच्या नाहीत. कुठून आल्या ते सांगत नाही. एकाला शब्द दिला आहे. कार्य होऊन जाऊ दे, मग तुला सगळं सांगीन. तोवर गप्प बसशील तर बरं.

जांभळ्या आहेत कारण जांभळ्याच मिळाल्या.

सरपंचाचा माणूस चिकटपट्टी आणि चित्रं घेऊन गल्लीत फिरतो आहे, दिसेल त्या वस्तूवर ते तोंड चिकटवतो. काल त्याने साफ्ताच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर चिकटवलं. म्हणून मी बादल्या कोठीतून काढून मागच्या छपरात मक्याच्या कडब्यामागे नेऊन ठेवल्या. एकटीने नेल्या, चार-चार करून. हे साफ्तालाही माहीत नाही. फक्त तुला लिहिते आहे, म्हणजे तू म्हणणार नाहीस की वहिनी लपवते.

पारास्कीवा


२३ नोव्हेंबर

दानचू मास्तर यांस,

मी नाव देत नाही. उल्मेतची आहे एवढं पुरे. तुम्ही मतदान केंद्रावर दुसऱ्या बाजूचे प्रतिनिधी म्हणून बसता आणि तुम्ही विकले जात नाही असं ऐकून आहे, म्हणून लिहिते.

काल पहिल्या फेरीत उल्मेतमध्ये पाचशेतली चारशे मतं सरपंचाच्या उमेदवाराला पडली. ती कशी पडली ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. आता सहा डिसेंबरच्या दुसऱ्या फेरीसाठी मोठं वाटप होणार आहे. येत्या शनिवारी, अठ्ठावीसला, ग्रिगोरे यांच्या घरी सहा आठवड्यांच्या कार्याच्या निमित्ताने मेलेल्याच्या नावाची पोमाना म्हणून चव्वेचाळीस बादल्या वाटल्या जातील. त्या सरपंचाच्या आहेत. मागच्या छपरात मक्याच्या कडब्यामागे लपवल्या आहेत. प्रामाणिक वस्तू कोणी लपवत नाही.

ती बाई वाईट नाही. तिला फसवलं आहे. तिला त्रास होणार नाही असं बघा, पण बादल्या वाटू देऊ नका. मेलेला माणूस या लोकांच्या विरुद्ध होता.

एक मतदार


तोरिनो, २३ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

काल चार तास रांगेत उभी राहून मत दिलं. पायांचं लाकूड झालं.

मागच्या पत्रात मी जरा लागेल असं लिहिलं, मनावर घेऊ नकोस. तू म्हणतेस तर तसंच असेल. कार्य नीट होऊ दे. फिरूबरोबर कॉफी आणि संत्री पाठवली आहेत. एकूण चौदा संत्री, मोजून घे.

दादासाठी माझ्या नावाने एक मेणबत्ती लाव.

तुझी,
वेतुरिया


उल्मेत, २९ नोव्हेंबर

वेतुरिया,

काल काय झालं ते लिहिते.

प्रार्थना झाली. पाद्रीबाबा घरी आले, बाकं मांडली, माणसं बसली. बादल्या मी सकाळीच काढून विहिरीवर भरल्या होत्या. प्रत्येकीच्या कानाला टॉवेल, काठावर कप, मेणबत्ती आणि वेणीचा पाव. अंगणात चार ओळी केल्या होत्या. मी पहिली बादली उचलली, साफ्ताची, आणि तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. शहरातले दोन पोलिस, आणि मागे दानचू मास्तर. मास्तर खाली बघत होते.

मोठ्या पोलिसाने विचारलं हे काय. मी म्हटलं, पोमाना. तो म्हणाला, “काकू, पण कुठली? मेल्याची की मतांची?” एक-दोघे हसले. त्यांना मी नावं ठेवत नाही. आपणच ना मेलेल्याच्या नावाने देतो त्यालाही पोमाना म्हणतो आणि मतासाठी वाटतात त्यालाही. एका शब्दात दोन्ही बसवून ठेवलं, आता निवडायला बसा.

मी शपथ घेतली, पाद्रीबाबांनी माझ्यासाठी शब्द टाकला. मग त्याने एक बादली उलटी केली. पाणी सांडलं. बुडाशी पेन्सिलीने नाव लिहिलेलं होतं. दुसरी उलटली, दुसरं नाव. चव्वेचाळीसही उलट्या केल्या. अंगणात चिखल झाला. प्रत्येक बादलीखाली गावातल्या एकेका घराचं नाव. पोलिस म्हणाला, काकू, ही तर मतदारांची यादीच झाली. फोटो काढले, बादल्या गाडीत घातल्या आणि घेऊन गेले. टॉवेलसुद्धा.

माणसांनी घास खाली ठेवले. कोण काय बघतंय, कोणाचं नाव लिहून घेतायत, प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघत उठला. ज्यांनी तुझ्या भावाच्या खांद्याला खांदा लावून गवत कापलं ते हात पुसत फाटकातून गेले. एकाच्याही तोंडातून बोगदाप्रोस्ते निघालं नाही. जीव घराभोवती राहतो ते चाळीस दिवस संपले, वेतुरिया. तो गेला आणि एक घोटही त्याच्याबरोबर गेला नाही.

आता शब्द पाळून काही उपयोग नाही, म्हणून सांगते.

बादल्या ग्रिगोरेच्या स्वतःच्या आहेत. त्याला मार्चमध्ये क्रायोव्याच्या डॉक्टरने सांगितलं होतं की सफरचंदं उतरवायला तो असेल की नाही सांगता येत नाही. तेव्हापासून तो दर गुरुवारी बाजारात जायचा आणि दोन बादल्या घेऊन यायचा. त्या माणसाकडे यंदा जांभळ्याच होत्या. मी म्हटलं, हे काम मागे राहिलेल्यांचं असतं. तर म्हणाला, तुमच्या भरवशावर राहिलो तर तुम्ही बायका सरपंचाच्याच बादल्या माझ्या नावाने वाटाल. शेवटी-शेवटी चालवत नव्हतं, तेव्हा त्या पांघरुणावर पालथ्या घालून तो खाली नावं लिहायचा. कोणाच्या घरी विहीर आटते त्याला मोठी, कोणाचा हात दुखतो त्याला हलकी.

तुला कळवायचं नाही, हा शब्द त्याने माझ्याकडून घेतला. ती काम सोडून येईल, म्हणाला, आणि मला माझं मरण सुखाने मरू देणार नाही, रोज डॉक्टर बदलेल. ऑगस्टमध्ये तुझा फोन आला तेव्हा तो दुकानात भिंतीला टेकून उभा होता आणि मी त्याला काखेतून धरलं होतं. सर्दी मी त्याच्या सांगण्यावरून म्हटलं.

चव्वेचाळिसाव्या बादलीखाली त्याने तुझं नाव लिहिलं होतं. पोलिसाने विचारलं, ही वेतुरिया कोण, कुठल्या घरात राहते? मी म्हटलं, ती इथे राहत नाही.

कोणीतरी निनावी अर्ज केला होता. मोठ्या पोलिसाने तो मला वाचून दाखवला. गावाचं बोट साफ्ताकडे आहे, कारण ती रोज माझ्याकडे येऊन बसायची. काल तिच्या फाटकावर कोणीतरी शेण मारलं. ती रडत आली होती, तुलाही तसंच वाटतं का विचारायला. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. बायका म्हणतात, काळा उपास धर, नऊ मंगळवार, ज्याने केलं त्याच्या मुळावर येईल. मी धरणार नाही. तो कोणावर जाऊन बसेल याची मला भीती वाटते.

संत्री मोजली नाहीत.

पारास्कीवा


तोरिनो, ७ डिसेंबर

वहिनी,

अर्ज मी केला.

हे एवढं लिहून मी पेन ठेवलं होतं आणि सिन्योराला जेवायला घालून आले. आता पुढचं लिहिते. दानचू मास्तरांना पत्र मीच लिहिलं, त्याच दिवशी, तुझ्या पत्राबरोबर, फिरूच्या त्याच पिशवीतून. तुला संत्री पाठवली आणि त्यांना तो कागद. मला वाटलं मी दादाची अब्रू वाचवते आहे. खोटं नाही लिहीत, अगदी तसंच वाटलं होतं. तू सांगत नाहीस म्हणजे वाईटच असणार, याच्या पलीकडे माझं डोकं गेलं नाही.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी कशी होते ते लिहीत नाही. सिन्योराला वाटलं माझं कोणी मेलं. मी म्हटलं, हो, मेलंय.

काल रविवार. दुपारी दोनला सुटले आणि मतदानाला गेले. रांग दोन रस्ते ओलांडून बागेपर्यंत गेली होती. सगळे आपलेच. तिथे उभी असताना माझ्या लक्षात आलं की चाळीस दिवस उलटून गेले असले तरी तहान काही तारीख बघत नाही. बागेच्या कोपऱ्यावर इथला तो हिरवा नळ आहे, बैलाच्या तोंडातून पाणी पडतं तो. मी दुकानातून एक बादली घेतली, पांढरी, मुद्दाम पांढरी, आणि कागदी पेले. बादली भरली आणि रांगेतल्या पहिल्या माणसासमोर जाऊन उभी राहिले.

त्याने विचारलं, कोणाकडून? मी म्हटलं, भावाकडून. तो म्हणाला, भाऊ कुठल्या पक्षाचा? पुढच्या बाईने पेला हातात घेतला तर तिच्या नवऱ्याने तो परत ठेवायला लावला, म्हणाला, कोणीतरी फोटो काढत असणार. एक जण म्हणाला, डिसेंबरात थंड पाणी कोण वाटतं, यात काहीतरी आहे. रांगेत कुजबुज पुढे गेली, माझ्या आधी पोचली. मी जवळ गेले की माणसं खिशात हात घालत. एकाने मोठ्याने सांगितलं, बाई, तुमची पोमाना तुमच्याकडे ठेवा. वहिनी, तू अंगणात कशी उभी होतीस ते मला तेव्हा दिसलं.

मग मी लाज सोडली. मोठ्याने म्हटलं, माझा भाऊ ग्रिगोरे, उल्मेतचा, दोल्झ जिल्हा. एकोणीस ऑक्टोबरला गेला. त्याचं पाणी माझ्यामुळे सांडलं. तुम्ही प्यायलात तर त्याला मिळेल. मत कोणालाही द्या.

एक म्हातारी होती, शेजारच्या मेहेदिंत्स जिल्ह्यातली. तिने पेला घेतला, दोन थेंब जमिनीवर टाकले, घोट घेतला, बोगदाप्रोस्ते म्हणाली. मग तिने तो फोटोवाला नवरा बघितला आणि त्याला म्हणाली, पी रे, तुझं कोणी मेलं नाही का कधी? तो प्यायला. त्याच्यानंतर बाकीचे. सगळे नाही. बरेच जण शेवटपर्यंत मान फिरवून उभे राहिले. मी नळावर जायची, परत यायची, आणि दरवेळी माझी जागा गेलेली असायची. शेवटी जागा मागणं सोडून दिलं.

नऊ वाजता दार बंद झालं. मी बाहेर होते. माझं मत गेलं. पाच वर्षं ज्याची वाट बघितली होती ते मत, वहिनी. त्रेचाळीस जणांनी दादाचं नाव घेतलं. मोजले मी, मोजल्याशिवाय मला राहवत नाही ते तुला माहीत आहे.

चव्वेचाळिसावा पेला भरून हातात धरला होता. ते माझं नाव, ते मला ठाऊक होतं. तोंडाशी नेला आणि खाली आणला. तो ओतून टाकला नाही. खोलीत खिडकीत ठेवला आहे. तो प्यायचा मला हक्क आहे का, ते तू सांग. तू नाही म्हटलंस तर मी पिणार नाही, आणि दादाला एक घोट कमी पडला तर तो माझ्या माथी.

साफ्ताला माझ्यामुळे शेण लागलं. पोलिसांना मी आज वेगळं लिहिलं आहे, नावासकट.

वेतुरिया


उल्मेत, १३ डिसेंबर

वेतुरिया,

मला ठाऊक होतं. पोलिसाने कागद वाचला त्यात ‘मक्याच्या कडब्यामागे’ असं होतं. ते मी आयुष्यात एकाच माणसाला लिहिलं होतं. अंगणात सगळ्यांसमोर मला एवढंच सुचलं की तोंड मिटून ठेवावं. मग तुला सगळं लिहिलं आणि आठ दिवस बघत बसले, तू पुढच्या पत्रात काय पाठवतेस. तू पुन्हा संत्री पाठवली असतीस तर मी हे पत्र लिहिलं नसतं. आणखी कधीच कुठलं लिहिलं नसतं.

रागाचं लिहीत नाही. तो आहे. सकाळी उठते तेव्हा असतो आणि कोंबड्यांना दाणे टाकून येईपर्यंत थोडा कमी होतो.

निकाल तुला कळलाच असेल. सरपंच तीन दिवस घराबाहेर पडला नाही. तेव्हा तुझ्या मतावाचून देशाचं अडलं नाही, एवढं समाधान ठेव. उल्मेतमध्ये मात्र पुन्हा त्याच्याच माणसाला चारशे पडली. माझ्या बादल्या जप्त झाल्या म्हणून कोणाचं मत फिरलं नाही. ज्यांना द्यायचं होतं त्यांनी आपलं तेल आधीच घरी नेलं होतं.

तुझा कागद पोलिसांकडे पोचला. शुक्रवारी त्यांनी बादल्या परत आणून फाटकाशी ठेवल्या. टॉवेल ओले होऊन बुरसले होते, धुतले. शनिवारी मी पाद्रीबाबांना विचारलं, उशीर झाला, आता चालेल का? ते म्हणाले, पारास्कीवा, देव मतदान केंद्र नाही, नऊला दार लावायला. मग मी बादल्या भरल्या आणि घरोघर नेल्या, चार-चार करून. काहींनी दारं उघडली, काहींनी फटीतून बघितलं. दानचू मास्तरांनी दोन्ही हातांनी घेतली आणि बोगदाप्रोस्ते तेवढं बोलले. साफ्ताच्या घरी मी सगळ्यांत शेवटी गेले. तिने पाणी घेतलं, नाव घेतलं, आणि विचारलं, कोणी केलं ते कळलं का? मी म्हटलं, कळलंय, पण सांगायचं काम माझं नाही.

खिडकीतला तो पेला झाडाला ओत. पत्रातून विचारलेल्या गोष्टीला पत्रातून हो म्हणायचं माझ्यात आता बळ नाही. तुझ्या पत्रांची मला भीती वाटते, वेतुरिया, आणि माझीही तुला वाटली पाहिजे. मी सात महिने तुझ्याशी खोटं बोलले. तेही तुझ्या समोर बसून बोलायचं आहे.

तुझ्या नावाची बादली मी कोणाला दिली नाही. दाराच्या आत उपडी ठेवली आहे. त्याचं अक्षर अजून आहे, थोडं पुसलं आहे, पण वाचता येतं. सिन्योराच्या मुलीला सांग, नाताळात गावी जाते म्हणून. नाही म्हणाली तर नोकरी सोड. गेल्या वेळी तुझ्या भावाने तुला तेवढंच करू दिलं नाही आणि त्याचं काय झालं ते आपण दोघींनी बघितलं.

उतरलीस की आधी साफ्ताच्या फाटकाशी थांब आणि तिला तुझ्या तोंडाने सांग. मग आपल्या घरी ये. पाणी मी त्याच दिवशी ताजं भरीन.

पारास्कीवा